हुतूतू ते कबड्डी : बारामती-इंदापूरच्या मैदानाचा लांबलेला दम

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत, बारामती व इंदापूर हे दोन तालुके वसले आहेत. मोरोपंतांची कर्मभूमी, मालोजीराजांची जहागीर, नीरा डावा कालवा, उजनीचा जलाशय, साखर कारखाने आणि गेल्या अर्धशतकाचे राजकारण या कारणांनी शहरी वाचकाला ही नावे परिचित आहेत. या गावांची संध्याकाळ मात्र बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. शाळा सुटल्यावर, ऊसतोडीच्या दिवसांत दिवेलागणीला आणि यात्रेच्या आदल्या आठवड्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर फक्कीच्या रेषा पडतात आणि सात-सात गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. जुनी माणसे या खेळाला अजूनही हुतूतू म्हणतात. सरकारदरबारी आणि दूरचित्रवाणीवर तो कबड्डी झाला, त्यालाही आता बराच काळ लोटला.

या नामांतरामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. नियम कोणी केले, संघटना कधी स्थापन झाल्या, पदके किती मिळाली, या अंगाने तो अनेकदा सांगितला गेला आहे. त्याची दुसरी बाजू तेवढी बोलली जात नाही. अंगझटीच्या या खेळात हाडे मोडून घेणाऱ्या गड्याचे पोट कोण भरणार, हा प्रश्न कबड्डीच्या प्रत्येक वळणावर उभा राहिलेला आहे आणि त्याचे उत्तर दर पिढीला बदलले आहे. पुण्या-मुंबईपासून दूर असलेल्या तालुक्यांत तर खेळाचे भवितव्य नियमांपेक्षा याच उत्तरावर अधिक अवलंबून राहिले.

साहित्य न लागणारा खेळ

हुतूतूला चेंडू लागत नाही, फळी लागत नाही, जाळे लागत नाही. एका दमात शब्द घोकत समोरच्या अंगणात जायचे, गड्याला शिवून दम तुटण्याआधी परत यायचे आणि समोरच्यांनी त्याला धरून ठेवायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. हा गाभा भारतभर वेगवेगळ्या नावांनी आढळतो. तामिळनाडूत तो चेडुगुडू आहे, बंगालमध्ये हाडुडू. महाराष्ट्रात घोकण्याच्या शब्दावरूनच खेळाला हुतूतू हे नाव पडले.

तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, फुगडी, टिपरी अशा खेळांवरचे अभंग आहेत. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांतून पंढरीकडे जाते. बेलवडी आणि इंदापूरच्या रिंगणात अश्व धावल्यावर वारकरी फुगड्या घालतात, हुतूतूही खेळतात. खेळ आणि भक्ती यांच्यामध्ये भिंत नसलेला हा प्रदेश आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हुतूतू येथे कोणी आणून लावला, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

नियम मात्र गावोगाव निराळे होते. त्यांतून तीन प्रकार ओळखले जाऊ लागले. संजीवनी प्रकारात प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी उठतो. आजची कबड्डी मुख्यत्वे यावर उभी आहे. गामिनीत बाद झालेला गडी पुन्हा उठत नाही; संपूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसतो. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजला जातो. शेजारच्या गावाशी सामना ठरला की आधी अर्धा तास वाद होई तो कोणत्या प्रकाराने खेळायचे याचाच, असे जुन्या खेळाडूंच्या गप्पांत हमखास ऐकायला मिळते.

या पट्ट्यात हुतूतूचा थोरला भाऊ म्हणजे कुस्ती. यात्रेतील फडाची हलगी, निकाली कुस्तीवर लागणारे इनाम, मल्लाचा फेटा आणि मिरवणूक हा मान हुतूतूच्या वाट्याला कधी आला नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे यजमानपद २००५ मध्ये इंदापूरला आणि २००६ मध्ये बारामतीला मिळाले, तेव्हा लोटलेली गर्दी याच परंपरेची साक्ष होती. मल्लाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च घराला पेलावा लागतो. हुतूतूच्या गड्याला त्या मानाने काहीच लागत नाही. म्हणूनच कालव्याच्या पाण्याने भिजलेल्या बागायती गावांत तालमी अधिक भरल्या, तर पावसावर जगणाऱ्या जिरायती पट्ट्यात, जेथे घरात दुभते जनावर असले तरी दूध डेअरीला जाई, तेथे हुतूतू हा पोरांचा हक्काचा खेळ राहिला. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. अनेक गडी सकाळी तालमीत आणि संध्याकाळी हुतूतूच्या मैदानात असत. पटात शिरून पाय उचलण्याची कुस्तीतली लकब कबड्डीच्या पकडीत आजही उघड दिसते.

नियम शहरांत ठरले

हुतूतूला शिस्त लावण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. १९१८ च्या सुमारास साताऱ्यात नियमांची पहिली जुळवाजुळव झाली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवल्या. पुण्यातील क्रीडासंस्था आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ यांनी पुढे हे काम हाती घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत कबड्डीही होती. १९३८ मध्ये कोलकात्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून सुरू झाली. १९७२ मध्ये संघटनेची पुनर्रचना होऊन भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला.

नियमांची ही बांधणी मराठी माणसांनी केली, पण ‘हुतूतू’ हे नाव टिकले नाही. देशभर एकच खेळ खेळायचा तर घोकण्याचा शब्दही एकच हवा, या विचारातून ‘कबड्डी’ हे नाव रूढ झाले. पुढे दम घेताना याच शब्दाचा स्पष्ट उच्चार सक्तीचा झाला. दम ऐकण्यासाठी पंचांना चढाई करणाऱ्याच्या जवळ राहावे लागे. उच्चार अडखळला की गडी बाद. गावाकडच्या गड्याला चपळाईत कोणी हरवू शकत नसे. तालुक्याच्या स्पर्धेत तो हरे तो बहुधा उच्चारावर आणि रेषांवर. निदानरेषा ओलांडल्याशिवाय चढाई वैध नाही, राखीव पट्टा झटापट झाल्यावरच वापरता येतो, बोनस रेषा एका पायाने ओलांडताना दुसरा पाय हवेत हवा, हे सारे कागदावर शिकावे लागते. ते शिकवणारा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक ज्या शाळेत होता, ती शाळा जिल्ह्यापर्यंत गेली. ज्या शाळेत नव्हता, तेथील गडी यात्रेपुरता राहिला.

या दृष्टीने स्वातंत्र्यानंतर ग्रामीण भागात पसरलेल्या शिक्षणसंस्थांचे श्रेय मोठे आहे. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. महाविद्यालय आले म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या, विद्यापीठाचा संघ आला, आणि बसच्या भाड्यापुरते का होईना, खेळासाठी पैसे खर्च करणारी एक संस्था आली. तोवर हा खर्च गावच्या तरुण मंडळाच्या वर्गणीतून होत असे.

राज्य संघटनेच्या पातळीवर बारामतीचे नाव वेगळ्या कारणाने जोडले गेले. शरद पवार यांनी महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनचे अध्यक्षपद दीर्घ काळ सांभाळले; पुढे अजित पवार यांनीही ते भूषविले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारखा झपाटलेला संघटक आणि राजकीय वजन असलेले नेतृत्व यांची सांगड बसल्याने महाराष्ट्राचा आवाज राष्ट्रीय महासंघात ऐकला गेला. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात २००१ पासून कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. मात्र अध्यक्ष बारामतीचे असले तरी खेळाची राजधानी मुंबई आणि पुणेच राहिली. त्याचे कारण मैदानात सापडत नाही. ते रोजगारात सापडते.

बुडालेल्या मजुरीचा हिशेब

येथे थोडे दूरचे एक उदाहरण उपयोगी पडते. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर परगण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बीचे बहुसंख्य खेळाडू गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत कामाला होते. शनिवारी सामना म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ही बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या बाजूचे सुखवस्तू नियामक ती मान्य करीनात. खेळासाठी पैसा घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यायची, असे ठरले. तेराजणांची रग्बी लीग जन्माला आली ती अशी. तीन वर्षांनी तेथे मानधन उघडपणे मान्य झाले, पण खेळाडूने दुसरी नियमित नोकरी केलीच पाहिजे, अशी अट काही वर्षे होती. पंधराजणांच्या मूळ रग्बीने खेळाडूला उघड पैसे देणे मान्य केले ते १९९५ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी.

पुढे हा तेराजणांचा खेळ ऑस्ट्रेलियात फोफावला आणि तेथून पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ, दुर्गम खेड्यांत पोहोचला. आज तो त्या देशाचा सर्वांत लोकप्रिय खेळ आहे. बारामती-इंदापुरात रग्बी लीगचे नावही फारसे कोणी ऐकलेले नाही. तरीही त्या खेळाची मूळ कहाणी येथील कबड्डीपटूला परकी वाटणार नाही, कारण महाराष्ट्रातही हाच प्रश्न होता. फरक एवढाच, की येथे फूट पडली नाही, तर मालकाने खेळाडूला नोकरीवर घेतले.

मुंबईच्या गिरणगावात लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड या भागांत कबड्डीची मंडळे उभी राहिली ती गिरणी कामगारांच्या बळावर. कोकण, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेले हे कामगार पाळी संपवून मैदानात उतरत. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते आणि चांगल्या गड्याला खात्यात चिकटवून घेतले जाई. ती नोकरी हेच त्याचे मानधन होते. रेल्वे, बेस्ट, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा आस्थापनांनी हाच मार्ग धरला. स्पर्धांत ‘व्यावसायिक गट’ असा वेगळा गट निघाला. नाव व्यावसायिक, पण खेळाडू कागदोपत्री हौशी. पगार तो कारकुनीचा किंवा फिटरकामाचा घेई. ही सोय कोणाला दांभिक वाटेल, परंतु तिनेच महाराष्ट्राची कबड्डी तीन-चार दशके जगवली, हे मान्य करावे लागेल.

१९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपाने गिरण्यांचे हे जग कोसळले. त्यानंतरच्या उदारीकरणाच्या काळात सार्वजनिक आस्थापनांतील भरतीही आटली. गावाकडून मुंबईला जाऊन खेळावर नोकरी मिळवण्याची वाट अरुंद झाली.

बारामती-इंदापूरच्या मुलांपुढे त्या काळात जवळचा पर्याय होता तो साखर कारखान्यांचा. वालचंदनगरची औद्योगिक वसाहत स्वातंत्र्यापूर्वीपासून इंदापूर तालुक्यात होती. तेथे कामगारांसाठी मैदाने होती. त्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी असे सहकारी कारखाने उभे राहिले. सहकाराने कुस्तीला भरघोस आश्रय दिला आणि कबड्डीला जमेल तसा. हंगामी कामगार म्हणून लागलेला गडी गळीत संपला की मोकळा होई. गळीत चालू असताना त्याची पाळी आणि सामन्याची वेळ जुळेलच असे नसे. हडर्सफील्डच्या बैठकीत ज्या बुडालेल्या शनिवारवर चर्चा झाली, तो शनिवार येथे रात्रपाळीच्या रूपाने हजर होता.

याच दरम्यान खेळ हे नोकरीचे साधन म्हणून आणखी एका मार्गाने खेड्यात रुजले. शालान्त परीक्षांतील क्रीडा गुण, पोलीस आणि सैन्यदलातील भरती, आणि २००५ पासून राज्य शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ठेवलेले पाच टक्के आरक्षण, यांमुळे राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्राला रोकड मोल आले. ज्या घरात ‘खेळून काय मिळणार’ असे विचारले जाई, तेथेच आता प्रमाणपत्र प्लास्टिकच्या आवरणात जपले जाऊ लागले. त्याची काळी बाजूही लवकरच दिसली. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि खऱ्या खेळाडूलाही पडताळणीसाठी खेटे घालावे लागले.

माती सुटली, मॅट आली

१९७८ मध्ये भिलाई येथे आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९८० मध्ये कोलकात्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली, १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० च्या बीजिंग स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. भारताने तेथे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर २०१४ पर्यंत पुरुष गटाचे प्रत्येक सुवर्णपदक भारताकडेच राहिले. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले, तेव्हा देशभर धक्का बसला. पुढील स्पर्धेत, २०२३ मध्ये हांगझोऊ येथे, दोन्ही सुवर्णपदके परत मिळाली. त्या पुरुष संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, तर महिला संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती.

आंतरराष्ट्रीय दर्जासोबत मॅट आली. पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद क्रीडांगण तेच राहिले, पण तळपायाखालची माती गेली. मातीवरचे मैदान तयार करणे ही स्वतंत्र विद्या होती. नदीकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, माळावर मुरूम टोचतो. म्हणून बाहेरून तांबडी माती आणून, चाळून, पाणी शिंपडून आणि चोपून ती जागा बसवावी लागे. अशा मैदानावर गडी अनवाणी खेळतो. माती थोडी सरकते, त्यामुळे पकड सुटण्याची शक्यता असते आणि अंगावर पडलेल्या चार-पाच जणांचा भार ती काहीसा झेलते. मॅटवर बूट घालावे लागतात, पाय घट्ट रोवला जातो आणि वेग वाढतो. गुडघा आणि घोटा यांच्यावर येणारा ताणही त्याबरोबर वाढतो.

यातून ग्रामीण खेळाडूची पंचाईत झाली. निवड चाचणी मॅटवर, सराव मात्र मातीवर. मॅटच्या एका संचाची किंमत एखाद्या गावच्या मंडळाच्या कित्येक वर्षांच्या वर्गणीपेक्षा जास्त. तालुक्याच्या ठिकाणी मॅट आली, तरी ती अंथरायला छप्पर असलेले सभागृह हवे. पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत उभारलेले संकुल अशा सुविधांनी सज्ज आहे, पण इंदापूरच्या मुलाला तेथे पोहोचायला पुणे-सोलापूर महामार्गावर तीन तास घालवावे लागतात.

नियमही प्रेक्षकाच्या सोयीने बदलले. पूर्वी दम टिकेल तोवर चढाई चाले. आता तिला ३० सेकंदांची मर्यादा आहे. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण अधिक. रग्बी लीगचा प्रवासही असाच झाला. तेथे एकाच संघाने चेंडू दाबून ठेवल्याने प्रेक्षक कंटाळू लागले, म्हणून १९६६ मध्ये चार आणि १९७२ पासून सहा पकडींनंतर चेंडू सोडण्याचे बंधन आले. दोन्ही खेळांत तिकीट काढून आलेल्या माणसाने संथपणाला चाप लावला. संथ चढाई ही जुन्या हुतूतूची एक कला होती. मध्यरेषेजवळ रेंगाळून, समोरच्या साखळीला हुलकावण्या देऊन वेळ काढणारा गडी आघाडी टिकवण्यासाठीच राखून ठेवला जाई. ती कला आता गेली, आणि गेल्याचे दुःख फारसे कोणाला नाही, हेही खरे.

मुलींची वाट

महिलांच्या कबड्डीत पुण्याने राज्याला नाव मिळवून दिले. शकुंतला खटावकर यांना मिळालेला अर्जुन पुरस्कार हा त्या परंपरेचा एक टप्पा. त्याच पुण्याचे शांताराम जाधव पुरुष गटात याच पुरस्काराचे मानकरी ठरले. महिलांचा आशियाई क्रीडा स्पर्धांत समावेश होण्यास मात्र २०१० चे ग्वांगझोऊ उजाडावे लागले, म्हणजे पुरुषांच्या तब्बल वीस वर्षांनी. २०१२ मध्ये पाटण्यात झालेला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघातील दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के यांना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. तोवर कबड्डीपटूला, तेही महिला कबड्डीपटूला, एवढी रक्कम मिळू शकते याची कल्पनाही कोणी केली नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भारतीय महिलांनी विश्वचषक राखला.

तालुक्याच्या गावात मुलीने कबड्डी खेळायची तर प्रश्न केवळ मैदानाचा नसतो. सराव संध्याकाळी संपतो आणि शेवटची एसटी त्याआधी सुटते. आखूड पोशाखावर गावात बोलले जाते. दहावीनंतर खेळ सुटतो, बारावीनंतर लग्नाची बोलणी सुरू होतात. त्यामुळे शालेय गटात भरलेले मुलींचे संघ खुल्या गटात विरळ होतात. जेथे वसतिगृह आणि महिला प्रशिक्षक यांची सोय झाली, तेथे हे चित्र पालटले, असा महाराष्ट्रभरचा अनुभव आहे. पोलीस भरतीने यात मोठा फरक पाडला. खाकी गणवेश मिळवून देणारा खेळ म्हटल्यावर घरचा विरोध मावळतो.

लिलावाचा हातोडा

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळी येथे प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वांत मोठी होती. चार वर्षांनी मोनू गोयत दीड कोटींच्या पुढे गेला. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये एक कोटी ४५ लाखांना विकला गेला आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी दोन कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. गिरणीतील फिटरची नोकरी हे ज्या खेळाचे सर्वोच्च बक्षीस होते, त्या खेळात हे घडले. यू मुंबाने २०१५ मध्ये आणि पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली विजेतेपद मिळवले. २०२५ च्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा निसटता पराभव पत्करावा लागला.

या झगमगाटात हरियाणाचे वर्चस्व डोळ्यांत भरते. तेथील खेड्यांनी मॅट, प्रशिक्षक आणि सरकारी नोकरी या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. नियमांचा जनक म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला लिलावाच्या यादीत आपली नावे शोधावी लागतात, ही बोच जाणकारांना आहे. यश मिळवलेल्या मराठी खेळाडूंपैकी अनेक जण नगर, नाशिक, कोल्हापूरच्या ग्रामीण भागातून आले, हे मात्र लक्षणीय आहे. शहरातील जुन्या मंडळांची मैदाने इमारतींनी गिळली. खेळ आपोआप जेथून आला होता तेथे, म्हणजे गावात, परतू लागला.

संघटनात्मक पातळीवर मधली वर्षे खडतर गेली. राष्ट्रीय महासंघाच्या कारभारावरून वाद न्यायालयात गेला आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला. राज्यात जिल्हा हा स्पर्धेचा एकक असल्याने पुण्यासारख्या अवाढव्य जिल्ह्यातून केवळ बारा जणांचा एक संघ निवडला जाई. शहरातील नामांकित संघांच्या गड्यांतून उरलेल्या जागांवर बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, जुन्नर अशा सगळ्या तालुक्यांनी आशा लावायची. उत्तम चढाईपटू असूनही राज्य स्पर्धेचा गणवेश न मिळालेले गडी या तालुक्यांत गावोगाव भेटतात. आज ते चाळिशी-पन्नाशीत आहेत, कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी कारखान्यावर वजनकाट्याला आहे. अलीकडच्या वर्षांत पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडपासून वेगळा ‘पुणे ग्रामीण’ संघ राज्य स्पर्धांत उतरू लागला. वरवर पाहता हा कागदोपत्री बदल. पण तालुक्यातील मुलासाठी बारा जागांचे दार त्यामुळे प्रथमच थेट उघडले, आणि त्यासोबत प्रमाणपत्राचे, नोकरीचे आणि क्वचित लिलावाचेही.

यात्रेतील स्पर्धा या सगळ्यात बंद पडलेल्या नाहीत. चैत्र-वैशाखात गावोगाव प्रकाशझोतात सामने होतात, ५५ किलो आणि ६५ किलोचे वजनी गट पाडले जातात, चषकासोबत रोख रक्कम ठेवली जाते आणि बाहेरगावचा नामांकित चढाईपटू एका रात्रीपुरता आपल्या संघातून उतरवण्यासाठी मंडळे आपापसांत चढाओढ करतात. जाण्या-येण्याचा खर्च, जेवण आणि वर ठरलेले पाकीट, असा हा व्यवहार चालतो. त्याची पावती होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गड्याला पाळीवर हजर राहायचे असते.